एट्रियल फिब्रिलेशन आणि क्षार-पूरके : नळाच्या पाण्यापासून माशाच्या तेलापर्यंत

१८८२ साली लंडनमध्ये डॉक्टर सिडनी रिंगर बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढून ते मिठाच्या पाण्यावर चालू ठेवण्याचे प्रयोग करत होते. हृदय चांगले चाले. नुसते मिठाचे पाणी त्याला पुरते, असे त्यांनी छापूनही टाकले. नंतर लक्षात आले की प्रयोगशाळेत वापरलेले पाणी ऊर्ध्वपातित नव्हतेच, नळाचे होते. ऊर्ध्वपातित पाण्यात तेवढेच मीठ घालून प्रयोग पुन्हा केला, तर ठोके क्षीण होत होत बंद पडले. नळाच्या पाण्यातून नकळत येत होते ते कॅल्शियम. १८८३ मध्ये रिंगर यांनी ही दुरुस्ती मोकळेपणाने छापली आणि पुढचेही दाखवले : पोटॅशियम वाढले की हृदय सैल पडून थांबते, एकटे कॅल्शियम असेल तर आकुंचन लांबत जाते, आणि दोन्ही ठरावीक प्रमाणात असली तरच ठोका नीट पडतो.

हृदयाची लय क्षारांवर चालते हे तेव्हापासून पक्के आहे. त्यामुळे एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे बोलण्यातले एएफ, असलेला माणूस मॅग्नेशियम-पोटॅशियमच्या गोळ्यांकडे वळतो, यात भाबडेपणा काही नाही. अडचण दुसरीच आहे. तेव्हापासून आजवर एक गल्लत पुन्हा पुन्हा झाली : कमतरता असलेल्या रोग्याला क्षार दिल्यावर जो गुण आला, तोच गुण कमतरता नसलेल्यालाही येईल, असे गृहीत धरले गेले.

एएफमध्ये हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांत विजेच्या लहरी मिनिटाला ३५० ते ६०० या वेगाने सैरावैरा फिरतात. कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात, आणि खालच्या कप्प्यांपर्यंत त्यातले थोडेच संदेश, तेही वेडेवाकडे, पोचतात. आइन्थोव्हेन यांनी १९०६ मध्ये अशा नाडीचा ईसीजी छापला. १९०९ मध्ये लंडनमध्ये टॉमस लुईस यांनी आणि व्हिएन्नात रोथबर्गर व विंटरबर्ग यांनी तिचे मूळ या थरथरीत आहे हे दाखवले.

आपणहून घेतलेल्या गोळीची पहिली गोष्ट त्यानंतर तीनच वर्षांची. १९१२ मध्ये हृदयाच्या लयीचे अभ्यासक डॉक्टर वेन्केबाख यांच्याकडे एक डच व्यापारी आला. एक ग्रॅम क्विनिन घेतले की माझी नाडी ठिकाणावर येते, असे त्याने सांगितले आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच नीट झालेली नाडी दाखवली. वेन्केबाख यांनी तोच उपाय इतरांवर करून पाहिला, तर फार थोड्यांना उपयोग झाला. १९१८ मध्ये फ्रे यांनी क्विनिन ज्यातून मिळते त्या सिंकोनाच्या सालीतली द्रव्ये तपासली. क्विनिडिन सर्वांत प्रभावी ठरले आणि पुढे कित्येक दशके ते एएफचे मुख्य औषध राहिले. १९९० मध्ये सहा चाचण्या एकत्र करून हिशेब मांडला गेला. वर्षअखेर नियमित लयीत राहिलेले रोगी क्विनिडिनच्या गटात सुमारे ५० टक्के, तर न घेणाऱ्यांत २५ टक्के. पण मृत्यू २.९ टक्के विरुद्ध ०.८ टक्के. ठोके सुधारले म्हणजे रोगी सुधारला असे नाही, हे इतक्या स्पष्ट आकड्यांत क्वचितच दिसते.

डच व्यापाऱ्याला आलेला गुण खरा होता की नाही, हा प्रश्न आजच्या प्रत्येक पूरकाला लागू आहे, कारण नव्याने सुरू झालेले एएफ पुष्कळदा आपोआप थांबते. २०१९ मध्ये नेदरलँड्समध्ये ४३७ रोग्यांची चाचणी झाली. ज्यांना लगेच विजेचा शॉक किंवा लय बदलणारे औषध न देता फक्त वेग कमी करून थांबायला सांगितले, त्यांच्यापैकी ६९ टक्के जणांची लय ४८ तासांत आपोआप नियमित झाली. त्या दोन दिवसांत माणसाने जे काही घेतले असेल, श्रेय त्यालाच जाते. टॉरिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांची ख्याती अशीच पसरली. २००६ चा जो लेख त्यासाठी नेहमी पुढे केला जातो, त्यात रोगी होते अवघे तीन.

लघवीची गोळी, डिजिटॅलिस आणि दोन क्षारांची जोडी

क्षारांचा खरा धडा मिळाला तो डिजिटॅलिसपासून. विदरिंग यांनी १७८५ मध्ये या वनस्पतीवर ग्रंथ लिहिला. पुढे तिच्याच कुळातल्या वनस्पतीपासून मिळालेले डिजॉक्सिन एएफमध्ये नाडीचा वेग उतरवण्यासाठी वापरात आले. १९५३ मध्ये शाट्झमान यांनी ही औषधे पेशीतून सोडियम-पोटॅशियमची ने-आण अडवतात हे दाखवले. ती ने-आण करणारा पंप १९५७ मध्ये येन्स स्को यांनी ओळखला. त्यासाठी त्यांना १९९७ चे नोबेल मिळाले. पोटॅशियम आणि डिजॉक्सिन या एकाच पंपावर जागेसाठी झटापट करतात. रक्तात पोटॅशियम कमी पडले की डिजॉक्सिन जास्त घट्ट बसते, आणि नेहमीचाच डोस विषासारखा वागू लागतो.

१९५८ च्या सुमारास क्लोरोथायझाइड ही लघवी वाढवणारी गोळी आली, मागोमाग फ्युरोसेमाइड. पायावरची सूज उतरली, पण लघवीतून पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दोन्ही वाहून जाऊ लागले. डिजॉक्सिन आणि लघवीची गोळी एकत्र घेणाऱ्यांत लय बिघडण्याचे प्रकार वाढले. पोटॅशियमच्या गोळ्या नित्याच्या झाल्या त्या इथून.

काही रोग्यांत मात्र पोटॅशियम कितीही दिले तरी वर येत नसे. किडनीच्या नलिकांतल्या पेशींत पोटॅशियम बाहेर सोडणारी छिद्रे असतात आणि पेशीतले मॅग्नेशियम त्यांना बुचासारखे बसते. मॅग्नेशियम संपले की बूच निघते आणि पोटातून घेतलेले पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते. पोटॅशियम कमी आढळले की मॅग्नेशियमही तपासायचे आणि आधी किंवा बरोबरीने तेही भरायचे, ही रीत यावरून पडली. लघवीच्या गोळ्यांखेरीज दारू, दीर्घ जुलाब आणि आम्लपित्तावरच्या ओमेप्राझोलसारख्या गोळ्याही मॅग्नेशियम उतरवतात. त्या गोळ्यांबद्दल अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी मार्च २०११ मध्ये इशारा दिला. बहुतेक घटना वर्षाहून जास्त काळ गोळी घेणाऱ्यांतल्या होत्या.

रक्ततपासणीची एक मर्यादा इथेच सांगायला हवी. प्रौढाच्या शरीरात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असते. निम्म्याहून अधिक हाडांत, आणि रक्तात जेमतेम एक टक्का. रक्तातला आकडा कमी आला तर कमतरता नक्की. नॉर्मल आला तर ती नाहीच, असे छातीठोक सांगता येत नाही.

शिरेतले मॅग्नेशियम आणि गोळीतले मॅग्नेशियम

१९३५ मध्ये त्स्विलिंगर यांनी शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट देऊन डिजिटॅलिसमुळे उठलेली जलद लय थांबवली. १९८८ मध्ये टॉर्साड नावाच्या जीवघेण्या लयीवर शिरेतून दोन ग्रॅम सल्फेट किती झटकन काम करते हे त्झिव्होनी व सहकाऱ्यांनी दाखवले. एएफपुरते बोलायचे तर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली ट्युनिशियाची चाचणी महत्त्वाची : जलद एएफ घेऊन आलेल्या ४५० रोग्यांना नेहमीच्या औषधांच्या जोडीला शिरेतून ९ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, ४.५ ग्रॅम किंवा नुसते सलाइन दिले. मॅग्नेशियम मिळालेल्यांचा वेग लवकर उतरला, आणि ४.५ ग्रॅमने जे साधले त्याहून ९ ग्रॅमने फारसे वेगळे काही साधले नाही. चेहऱ्यावर गरम लाट येणे मात्र मोठ्या डोसने वाढले.

हे सगळे शिरेतले. मॅग्नेशियमची जाहिरात बहुधा या निकालांवर उभी असते आणि विकली जाते ती गोळी. फरक समजायला लेबल नीट वाचावे. ४.५ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेटमध्ये प्रत्यक्ष मॅग्नेशियम साधारण ४४० मिलिग्रॅम, आणि ते काही मिनिटांत थेट रक्तात जाते. गोळीच्या डबीवर '५०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम सायट्रेट' लिहिले असेल तर त्यात मॅग्नेशियम सुमारे ८० मिलिग्रॅम. बाकी वजन सायट्रेटचे. ऑक्साइडमध्ये ६० टक्के मॅग्नेशियम असते, पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून कमी शोषले जाते आणि जुलाब जास्त करते. ग्लायसिनेटमध्ये सुमारे १४ टक्के. लेबलवर 'मूलद्रव्य मॅग्नेशियम' असा वेगळा आकडा दिलेला असेल तोच धरावा.

प्रौढाची रोजची गरज ३१० ते ४२० मिलिग्रॅम. अन्नाखेरीज पूरकांतून ३५० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, ही अमेरिकेत १९९७ मध्ये ठरलेली मर्यादा. तिचे कारण जुलाब. एएफच्या रोग्याला जुलाब ही किरकोळ बाब नाही. त्यातून पोटॅशियम जाते आणि ज्यासाठी गोळी घेतली तेच उलटते. किडनीची गाळणक्षमता मिनिटाला ३० मिलिलिटरच्या खाली असेल तर मॅग्नेशियम साठते : रक्तदाब पडतो, नाडी मंदावते, झापड येते, स्नायू ढिले पडतात. थायरॉइडच्या गोळीपासून मॅग्नेशियम चार तास लांब ठेवावे लागते, नाहीतर थायरॉइडची गोळीच नीट शोषली जात नाही.

कमतरतेमुळे एएफ होऊ शकते याचा पुरावा मात्र खरा आहे. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आहारप्रयोगात रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांना रोज जेमतेम १०० मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असलेले जेवण दिले गेले. काही आठवड्यांत तिघींना फिब्रिलेशन आणि फ्लटर (वरच्या कप्प्यांचीच, पण जास्त ठेक्यातली जलद लय) झाले. मॅग्नेशियम देताच ते गेले. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या दीर्घ अभ्यासाच्या २०१३ च्या अहवालात ३,५३० लोकांपैकी ज्यांचे रक्तातले मॅग्नेशियम सर्वांत खालच्या चतुर्थांशात होते, त्यांना पुढच्या वर्षांत एएफ होण्याचा धोका सुमारे दीडपट निघाला. पहिला गट अगदी लहान, दुसरे नुसते निरीक्षण. कमतरता शोधून भरण्यासाठी तेवढे पुरे आहे. नॉर्मल पातळीच्या माणसाने रोज गोळी घेतली तर एएफचे झटके कमी होतात, हे यातून निघत नाही.

पोटॅशियमबाबत तर उलट दिशेचा निकाल हाती आहे. बायपासनंतर एएफ होऊ नये म्हणून रक्तातले पोटॅशियम लिटरला ४.५ मिलिमोलच्या वर ठेवण्याची प्रथा अनेक अतिदक्षता विभागांत वर्षानुवर्षे होती. २०२४ मध्ये ब्रिटन आणि जर्मनीतल्या १,६९० रोग्यांवर ती तपासली. अर्ध्यांना ४.५ च्या खाली गेल्यावर पोटॅशियम दिले, अर्ध्यांना ३.६ च्या खाली गेल्यावरच. नव्याने एएफ झाले पहिल्या गटात २६.२ टक्क्यांना, दुसऱ्यात २७.८ टक्क्यांना, म्हणजे वर चढवत राहून काही मिळाले नाही.

घरी आपल्या मनाने पोटॅशियम घेणे सर्वांत धोक्याचे. अमेरिकेत पूरकाच्या गोळीत ते सहसा ९९ मिलिग्रॅमच असते, तर 'कमी सोडियमचे मीठ' म्हणून मिळणाऱ्या पोटॅशियम क्लोराइडच्या एका चमच्यात २,००० मिलिग्रॅमच्याही वर असू शकते. एएफचे बरेच रोगी रक्तदाबासाठी प्रिल किंवा सार्टन गटातली गोळी घेतात, काही स्पायरोनोलॅक्टोनही. ही औषधे पोटॅशियम आत राखून धरतात. १९९९ मध्ये हार्ट फेल्युअरमध्ये स्पायरोनोलॅक्टोनचा फायदा दिसला आणि ते भराभर लिहिले जाऊ लागले. कॅनडाच्या ऑन्टारियोत प्रिल गोळी घेणाऱ्या अशा रोग्यांत पोटॅशियम वाढून दाखल होण्याचे प्रमाण हजारी २.४ (१९९४) वरून ११ (२००१) झाले. अशा माणसाच्या ताटात ते मीठ आले की काय होईल, ते रिंगर यांच्या बेडकाने दाखवले आहे.

माशाचे तेल

१९७० च्या दशकात बँग आणि डायरबर्ग यांनी ग्रीनलंडच्या इनुइट लोकांच्या रक्तातली मेदाम्ले तपासली आणि ओमेगा-३ चर्चेत आले. १९९९ मध्ये इटलीत हार्ट अटॅक येऊन गेलेल्या ११,३२४ जणांच्या चाचणीत रोज एक ग्रॅमने अचानक मृत्यू कमी झाले. मग २००५ मध्ये इटलीतच बायपासच्या १६० रोग्यांत एएफ ३३ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आले. उत्साह वाढणे साहजिक होते. पण २०१२ मध्ये १,५१६ रोग्यांवर तीच कल्पना तपासली तेव्हा दोन्ही गटांत एएफ ३० टक्क्यांच्या आसपास, काहीच फरक नाही.

पुढे काटा उलटा फिरला. २०१८ मध्ये रोज ४ ग्रॅम शुद्ध ईपीए (ओमेगा-३ चा एक प्रकार, दुसरा डीएचए) दिलेल्या गटात एएफ किंवा फ्लटरसाठी दाखल झाले ३.१ टक्के, दुसऱ्या गटात २.१ टक्के. २०२० च्या मोठ्या चाचणीत ४ ग्रॅमच्या गटात नवे एएफ २.२ विरुद्ध १.३ टक्के. २०२१ मध्ये सात चाचण्यांतले ८१,२१० लोक एकत्र घेतले, तेव्हा रोज एक ग्रॅमहून जास्त घेणाऱ्यांत एएफचा धोका ४९ टक्क्यांनी, त्याहून कमी घेणाऱ्यांत १२ टक्क्यांनी वाढलेला दिसला. २०२३ मध्ये युरोपच्या औषध नियंत्रकांनी ओमेगा-३ च्या औषधांच्या माहितीपत्रकात एएफ हा 'नेहमी आढळणारा' दुष्परिणाम म्हणून घालायला लावला. जे एएफ टाळण्यासाठी दिले जायचे, तेच एएफच्या यादीत जाऊन बसले. या चाचण्यांतले ग्रॅम ओमेगा-३ चे आहेत, तेलाचे नव्हेत : साध्या १,००० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ईपीए आणि डीएचए मिळून बहुधा ३०० मिलिग्रॅम असतात.

गुठळी आणि थायरॉइड

एएफमधला मोठा धोका गुठळी होऊन मेंदूत जाण्याचा, आणि तो कोणत्याही क्षाराने कमी होत नाही. २००२ च्या अमेरिकेतल्या चाचणीत ४,०६० रोगी होते. लय नियमित राखण्याचा प्रयत्न चाललेल्यांनाही स्ट्रोक आले, आणि बहुतेक त्यांना, ज्यांनी गुठळी रोखणारे वॉरफेरिन थांबवले होते किंवा ज्यांचा आयएनआर, म्हणजे त्या औषधाचा असर मोजणारा रक्ततपासणीचा आकडा, कमी होता. वॉरफेरिन व्हिटॅमिन के ला अडवते, त्यामुळे मल्टिव्हिटॅमिन सुरू किंवा बंद केले तरी आयएनआर हलतो. के शी रचनेने मिळतेजुळते कोएन्झाइम क्यू-१० देखील त्याचा असर कमी करू शकते. गुठळी रोखणाऱ्या अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन या गोळ्यांना के ची बाधा नाही, पण सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती त्यांची रक्तातली पातळी उतरवते.

थायरॉइड जास्त काम करू लागले की एएफ होते, म्हणून नव्या रोग्याची टीएसएच (थायरॉइड जास्त चालले की उतरणारे संप्रेरक) तपासणी करतातच. समुद्री शेवाळाच्या गोळ्यांतले आयोडीन इथे घात करू शकते. गरज रोज १५० मायक्रोग्रॅमची. एएफवरच्याच अमायोडेरोनच्या २०० मिलिग्रॅम गोळीत वजनाच्या ३७ टक्के, म्हणजे सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असते, आणि त्या औषधाने थायरॉइड दोन्ही बाजूंनी बिघडते. केसांसाठी घेतलेले बायोटिन वेगळाच घोळ घालते. अनेक तपासण्यांच्या रसायनांत बायोटिनच वापरलेले असते, त्यामुळे रक्तात ते जास्त असले की टीएसएच खोटे कमी आणि टी-४, म्हणजे थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक, खोटे जास्त दिसते. नसलेला थायरॉइडचा आजार कागदावर उमटतो. ५ ते १० मिलिग्रॅमच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस त्या थांबवाव्यात, डोस याहून मोठा असेल तर आणखी आधीपासून, आणि रक्त घेणाऱ्याला तसे सांगावे.