‘रिक्वायर्स’ आणि ‘यूजेस’: जावा मॉड्यूलच्या दोन वेगळ्या मागण्या

सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या जावा ९ या प्रोग्रामिंग भाषेच्या आवृत्तीपासून मॉड्यूलला, म्हणजे कोडच्या एकत्र बांधलेल्या स्वतंत्र भागाला, आपल्या गरजा ‘मॉड्यूल-इन्फो’ फाइलमध्ये जाहीर कराव्या लागतात. त्यांतील ‘रिक्वायर्स’ आणि ‘यूजेस’ ही विधाने नवख्याला सारखीच वाटतात; परंतु पहिल्यापुढे मॉड्यूलचे नाव येते आणि दुसऱ्यापुढे सेवेचे, म्हणजे बहुधा एखाद्या इंटरफेसचे (कोणती कामे करायची हे ठरवणाऱ्या करारनाम्याचे), आणि बाकीचे फरक येथूनच निघतात.

नाशिक जिल्ह्यातील कांदा व्यापाऱ्यासाठी हिशेबाची प्रणाली लिहायची आहे आणि लासलगावच्या भुईकाट्याचे यंत्र पिंपळगाव बसवंतच्या यंत्राहून निराळ्या पद्धतीने वजन पाठवते, असे धरू. हिशेबाच्या मॉड्यूलने प्रत्येक यंत्राचे मॉड्यूल ‘रिक्वायर्स’ने मागितले, तर नव्या यंत्रागणिक हिशेबातच फेरफार करावा लागेल. त्याऐवजी ‘वजनवाचक’ हा इंटरफेस स्वतंत्र मॉड्यूलमध्ये ठेवावा. हिशेबाने ते मॉड्यूल ‘रिक्वायर्स’ने मागून शिवाय ‘यूजेस’पुढे ‘वजनवाचक’ लिहावे. आणि यंत्रांच्या मॉड्यूलांनी ‘प्रोव्हाइड्स’ व ‘विथ’ वापरून ते काम प्रत्यक्ष करणारा आपापला क्लास पुढे करावा. त्या क्लासचे पॅकेज एक्सपोर्ट करण्याचीही, म्हणजे इतर मॉड्यूलांना वापरू देण्याचीही, गरज नसते, आणि माझ्या दृष्टीने या रचनेचा खरा लाभ हाच आहे.

‘रिक्वायर्स’मधले मॉड्यूल सापडले नाही, तर कोड कंपाइल होत नाही आणि चालवताना प्रणाली सुरूच होत नाही, ‘रिक्वायर्स स्टॅटिक’ लिहिल्यास चालवतानाची सक्ती तेवढी सुटते. ‘यूजेस’ला पुरवठादार, म्हणजे ती सेवा ‘प्रोव्हाइड्स’ने देणारे मॉड्यूल, नसला, तर मात्र कुठेही तक्रार येत नाही आणि पुरवठादार शोधून देणाऱ्या ‘सर्व्हिसलोडर’ या जावाच्या क्लासकडून काहीच हाती लागत नाही. म्हणून ट्रॅक्टर काट्यावर उभा राहण्याची वाट न पाहता, एकही वजनवाचक नाही हे प्रणालीने सुरू होतानाच तपासून स्पष्ट सांगितले पाहिजे. ‘यूजेस’ लिहायचेच राहिले, तर लोड करताना ‘सर्व्हिसकॉन्फिगरेशनएरर’ येतो.

एक फरक फार उशिरा लक्षात येतो. पुरवठादार मॉड्यूल-पाथवर (जावा जेथे मॉड्यूले शोधते त्या जागांवर) असला, की प्रणाली चालवताना जावा त्याला आपणहून सामील करून घेते. ‘जेलिंक’ या साधनाने रनटाइम इमेज, म्हणजे प्रणाली आणि तिला लागणारा जावाचा भाग यांचा एकत्र संच, बांधताना मात्र तसे होत नाही. तेथे ‘बाइंड-सर्व्हिसेस’ हा पर्याय आहे, पण तो जेडीकेमधलेही (जावाच्या मूळ विकाससंचातलेही) पुष्कळ पुरवठादार ओढून आणतो आणि इमेज फुगते. त्यामुळे हवी ती यंत्र-मॉड्यूले ‘जेलिंक’च्या ‘अ‍ॅड-मॉड्यूल्स’ या पर्यायामध्ये नावानिशी लिहिणे मला अधिक योग्य वाटते.