कयाक उलटली की डोकं शेवटी वर काढायचं, ते का?

जायकवाडी धरणाच्या फुगवट्यावरच्या भिव धानोरा गावची मुलं थर्माकोलच्या तुकड्यांवर बसून शाळेला जातात, ही बातमी २०२२ साली गाजली. त्या मुलांना पूल मिळायला हवा, यात वाद नाही. पण अशी बातमी आली की एक समज हमखास बोलून दाखवला जातो: होडी जितकी रुंद तितकी सुरक्षित. हा समज अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा भाग कळायला कयाकसारखं दुसरं साधन नाही.

कयाक म्हणजे एका माणसाची लांब, अरुंद होडी. समुद्रात चालवायची कयाक जेमतेम ५५ ते ६० सेंटीमीटर रुंद असते. नवखा माणूस तिच्यात बसला की ती लगेच डुगडुगायला लागते. तरीही उलटल्यावर आत बसल्याबसल्या पुन्हा सरळ करता येते ती हीच होडी. या कृतीला रोल म्हणतात.

होडी एका बाजूला कलली की पाण्यात बुडालेल्या भागाचा आकार बदलतो आणि पाण्याचा वर ढकलणारा जोर त्या बाजूला सरकतो. वजन मात्र गुरुत्वमध्यातून खालीच ओढत राहतं. या दोन बलांमध्ये जे अंतर पडतं, ते होडीला सरळ करतं किंवा पालथी घालतं. पिएर बुगेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७४६ साली याचं गणित मांडलं. लांबी तीच ठेवली तर हा सावरणारा परिणाम रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे रुंदी दीडपट केली की तो सुमारे ३.४ पट होतो. रुंद तराफा स्थिर वाटतो तो यामुळेच. पण पाण्याला तराफ्याची वरची बाजू आणि खालची बाजू यांतला फरक कळत नाही. पालथा पडलेला तराफा तितक्याच हट्टाने पालथा राहतो. कयाकचं पोट गोलसर असतं, त्यामुळे ती सहज कलते आणि सहज परतही येते.

आता मला सर्वांत आवडणाऱ्या भागाकडे येतो. रोल दंडांच्या ताकदीवर होतो असं बहुतेकांना वाटतं आणि मोबाइलवरचे चटपटीत व्हिडिओही तेच ठसवतात. थोडी आकडेमोड केली की हा समज टिकत नाही. वल्ह्याचं पातं पाण्याच्या पृष्ठभागाजवळून किंचित तिरपं धरून बाजूला फिरवलं की त्याला वर उचलणारा जोर मिळतो. चपटा दगड पाण्यावरून टप्पे घेत जातो, त्याच जातीचा हा जोर. तो पात्याच्या क्षेत्रफळाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. पातं ६०० चौरस सेंटीमीटर आणि वेग सेकंदाला दीड मीटर धरला, तर सुमारे ४० न्यूटन हाती येतात, म्हणजे चार किलो वजनाएवढा आधार. हा आधार होडीच्या अक्षापासून सव्वा मीटरवर असेल, तर फिरवणारं बल होतं साधारण ५० न्यूटन-मीटर.

दुसऱ्या बाजूला माणसाचं डोकं. त्याचं वजन जवळपास पाच किलो. पाण्यात असेपर्यंत ते जवळजवळ फुकट असतं, कारण शरीराची घनता पाण्याच्या अगदी जवळपास आहे. पाण्याबाहेर काढलं की पूर्ण पाच किलो मोजावे लागतात. अक्षापासून ८० सेंटीमीटरवर त्याचं उलटं फिरवणारं बल ४० न्यूटन-मीटर भरतं. म्हणजे वल्ह्याने मिळवलेलं जवळपास सगळं एकट्या डोक्याने खाल्लं, आणि खांदे, छाती, हात अजून उचलायचेच आहेत! दंड कितीही कमावलेले असोत, पातं खाली बुडतं आणि माणूस परत पाण्याखाली जातो.

म्हणून क्रम उलटा ठेवतात. आधी धड पृष्ठभागाजवळ आणून पाण्यावरच टाकायचं. मग एका बाजूचा गुडघा वर दाबून कंबरेने हिसका द्यायचा. धडाला पाणी धरून ठेवतं, त्यामुळे फिरते ती होडी. होडी जवळजवळ सरळ झाली की तिच्या पाठीवरून अंग घसरवत आत घ्यायचं आणि डोकं अगदी शेवटी, खांद्याला चिकटवून. तोवर गुरुत्वमध्य होडीवर आलेला असतो आणि डोक्याचा भार पेलायला होडीच समर्थ असते.

अडचण अशी की पाण्याखाली गेलेल्या माणसाला सर्वांत आधी डोकंच वर काढावंसं वाटतं. सरावाचा बहुतेक वेळ या एका ओढीवर मात करण्यात जातो.

हीच ओढ पोहणाऱ्यांनाही बुडवते. गोदावरीच्या, मांजरा नदीच्या डोहांबद्दल गावोगाव सांगतात की आसरा या जलदेवता माणसाला खाली ओढतात. खाली ओढणारं तिथे कोणी नसतं. घाबरलेला माणूस मदतीसाठी दोन्ही हात वर करतो. जेवढं अंग पाण्याबाहेर, तेवढा पाण्याचा आधार कमी. मग तोंड पाण्याखाली जातं. आसरांना नारळ वाहून हे गणित बदलत नाही. मुलांना पाण्यावर उताणं, हात पाण्यातच ठेवून पडून राहायला शिकवलं तर बदलतं. हे प्रत्येक नदीकाठच्या शाळेत शिकवलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

रोल ही मुळात आर्क्टिकमधल्या इनुइट शिकाऱ्यांची विद्या. तिथल्या गोठवणाऱ्या पाण्यात होडीबाहेर पडणं म्हणजे मरण, म्हणून होडीतच राहून सावरायचं तंत्र त्यांनी घडवलं. ऑस्ट्रियाचा हान्स पावलाटा १९२७ साली त्यांच्याबद्दलची वर्णनं वाचून रोल शिकला. ब्रिटनचा जिनो वॉटकिन्स प्रत्यक्ष ग्रीनलंडमध्ये शिकला, चांगला तरबेज झाला. १९३२ साली तो एकटाच शिकारीला गेला आणि त्याची पालथी कयाक सापडली, तो मात्र सापडला नाही.

त्यामुळे रोलसोबत बाहेर पडून परत चढण्याचा सरावही तितकाच लागतो. सुरुवात छातीइतक्या पाण्याच्या तलावात, लाइफ जॅकेट घालून, शेजारी जाणता माणूस उभा ठेवून करावी. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, त्यासाठी नाही. तो सुमारे ५५ किलोमीटर लांब आहे आणि पश्चिमेचा वारा सुटला की एवढ्या मोकळ्या पाण्यावर लाटा पैठणकडे येईपर्यंत वाढत जातात. शिवाय पाण्यात मासेमारीची जाळी असतात, आणि ते पक्षी अभयारण्यही आहे.

होडीत पाणी शिरू नये म्हणून कमरेभोवती घालून बसायच्या जागेवर ताणून बसवतात त्या झाकणाला स्प्रे स्कर्ट म्हणतात. बाहेर पडायचं तर त्याचा पुढचा पट्टा ओढायचा. होडी आणि वल्हं सोडायचं नाही. मग होडी सरळ करून वल्ह्याच्या एका टोकाला हवेने फुगवलेली पिशवी लावतात आणि वल्हं होडीवर आडवं टाकतात. पिशवी दूर असल्याने थोड्या उत्प्लावनानेही मोठा आधार मिळतो. म्हणजे गरजेपुरती होडी रुंद केली, काम झालं की पुन्हा अरुंद. होडीच्या पाठीवर पालथं पडून, वजन पिशवीच्या बाजूला ठेवत आत सरकायचं.

आत बसल्यावर लगेच वल्हवायला घेऊ नये. होडीत साठलेलं पाणी कललेल्या बाजूला धावतं आणि कल आणखी वाढवतं. आधी हातपंपाने ते उपसायचं, पिशवी तोवर तशीच ठेवायची. होडीच्या दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे असतील तर उपसायचं पाणी खूप कमी राहतं, म्हणून त्यांची झाकणं काठावरच तपासून घ्यावीत.