भिंत नेमकी कुठल्या दिशेला सरकली?

चुंबकीय धातूच्या पोटात एकेका दिशेने चुंबकलेले छोटे छोटे प्रदेश, म्हणजे डोमेन, असतात ही कल्पना पिअर वाइस यांची, १९०७ ची. दोन डोमेनमधल्या भिंतीचे गणित फेलिक्स ब्लॉख यांनी १९३२ मध्ये मांडले. भिंत हलवायची तर चुंबकीय क्षेत्र लावायचे, हाच पुढे शिरस्ता पडला. पण तारेत शेजारशेजारच्या दोन भिंती अशा क्षेत्रात परस्परविरुद्ध पळतात. एक डोमेन फुगते, दुसरे गिळले जाते, आणि त्यात साठवलेली माहितीही जाते.

कार्नेगी मेलन विद्यापीठातले ल्युक बर्जर १९७८ पासून वेगळेच सांगत होते : नुसता वीजप्रवाह पुरेल. इलेक्ट्रॉन भिंत ओलांडताना त्याचा स्पिन, म्हणजे त्याचे स्वतःचे इवलेसे चुंबकत्व, वळतो आणि त्याची प्रतिक्रिया भिंतीला ढकलते. तसे असेल तर सगळ्या भिंती एकाच दिशेला जायला हव्यात. पातळ पत्र्यांवरच्या त्यांच्या प्रयोगांना प्रचंड प्रवाह लागत असे, म्हणून फारसे कोणी मनावर घेतले नाही. १९९६ मध्ये आयबीएमचे जॉन स्लोनचेव्हस्की आणि स्वतः बर्जर यांनी स्पिनच्या या रेट्याचा सिद्धान्त स्वतंत्रपणे मांडला, तेव्हा चक्रे फिरली.

निर्णायक पुरावा २००४ मध्ये जपानमधून आला. तेरुओ ओनो यांच्या गटाने लोखंड-निकेलची, २४० नॅनोमीटर रुंद आणि १० नॅनोमीटर जाड तार घेतली. तिच्यातून गेला जेमतेम ३ मिलिअँपिअर प्रवाह. पण छेद इतका चिमुकला की दर चौरस मीटरला हिशेब १.२ लाख कोटी अँपिअरवर जातो. अर्ध्या मायक्रोसेकंदाचा एकेक झटका द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली भिंत कुठे पोचली ते पाहायचे. वेग सेकंदाला सुमारे ३ मीटर, म्हणजे रमतगमतच. पण दोन्ही प्रकारच्या भिंती, जिथे डोमेनांची उत्तर टोके भिडतात त्या आणि जिथे दक्षिण टोके भिडतात त्याही, प्रवाहाच्या उलट, अर्थात इलेक्ट्रॉनांच्या दिशेने सरकल्या. माझ्या मते वेगापेक्षा ही दिशाच महत्त्वाची. भिंतींची अख्खी रांग अंतर न मोडता पुढे सरकते म्हटल्यावरच आयबीएमच्या स्टुअर्ट पार्किन यांच्या ‘रेसट्रॅक मेमरी’ला, म्हणजे तारेतल्या डोमेनांत माहिती साठवून ती प्रवाहाने सरकवण्याच्या कल्पनेला, अर्थ आला.

मग २०११ मध्ये घोळ झाला. प्लॅटिनमवर बसवलेल्या कोबाल्टच्या अतिपातळ थरात भिंती सेकंदाला ४०० मीटरपर्यंत धावल्या, आणि त्याही प्रवाहाच्याच दिशेने! इलेक्ट्रॉनांच्या रेट्याने हे होणे शक्यच नव्हते. २०१३ मध्ये उलगडा झाला : ढकलणारा प्लॅटिनममधून येणारा स्पिनचा प्रवाह होता, आणि प्लॅटिनमच्याच सान्निध्यामुळे साऱ्या भिंतींमधल्या चुंबकत्वाचा पीळ एकाच बाजूचा झाला होता.