ग्रे पडदा म्हणजे एएलआर नव्हे

घरी प्रोजेक्टर घेतलेल्या ओळखीच्या माणसांनी मला एक वाक्य इतक्या वेळा ऐकवलंय, की आता त्यांनी सुरुवात केली की शेवट मीच करतो. "आमच्या हॉलमध्ये उजेड फार, म्हणून पांढरा पडदा नाही घेतला. ग्रे घेतला. ग्रे उजेड कापतो ना!"

नाही कापत. उजेड कापतो तो एएलआर पडदा, म्हणजे आजूबाजूचा उजेड नाकारणारा. तोही दिसायला राखाडीच असतो, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. ऑनलाइन विकणाऱ्यांना तर हा घोळ पथ्यावरच पडलाय. राखाडी कापडाला 'अँटी-लाइट' असं नाव दिलं की तेच कापड दुप्पट भावाने जातं.

मॅट व्हाइट पडद्याबद्दल फार सांगायला नको. चुना लावलेल्या भिंतीवर सिनेमा पाहिला असेल तर तो तुम्हाला माहीत आहे. पडणारा प्रकाश तो सगळ्या दिशांना सारखा पसरवतो, त्यामुळे सोफ्याच्या कडेला बसलेल्या आजीलाही मधे बसलेल्या नातवाइतकंच चित्र दिसतं. अशा आदर्श पांढऱ्या पृष्ठभागाचा गेन, म्हणजे पडलेला प्रकाश समोरच्या प्रेक्षकाकडे परतवण्याचं माप, 1 धरतात. ग्रेचा साधारण 0.7 ते 0.9. आकार, 16:9 का 4:3, ओढायचा का फ्रेमचा, हे सगळं दुकानदारही नीट सांगतो. ते सोडून देऊ.

मुद्दा काळ्या रंगाचा आहे. प्रोजेक्टर काळा रंग फेकत नाही, फेकूच शकत नाही. चित्रात जिथे काळं आहे तिथे तो प्रकाश जवळपास पाठवतच नाही, एवढंच. म्हणजे तुमच्या खोलीत प्रोजेक्टर बंद असताना पडदा जसा दिसतो, तोच तुमचा काळा. ट्यूबलाइट चालू असेल तर तुमचा काळा म्हणजे ट्यूबखालचं पांढरं कापड. जत्रेतल्या तंबू थिएटरचे खेळ अंधार पडल्यावर सुरू व्हायचे ते काही हौस म्हणून नाही.

आता इथे माणूस म्हणतो, "बरोबर! म्हणूनच कापडच काळपट घेतलं की काळा जास्त काळा दिसेल." दिसेल की. पण पांढऱ्याचं काय?

साधा हिशेब करू. 300 एएनएसआय ल्युमेनचा (म्हणजे प्रमाणित पद्धतीने मोजलेल्या ल्युमेनचा) बजेट प्रोजेक्टर आहे (खोक्यावर 12,000 ल्युमेन लिहिलं असेल, तिकडे बघू नका) आणि पडदा 100 इंची आहे. पडद्याचं क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर, म्हणजे पांढऱ्या भागावर साधारण 110 लक्स (दर चौरस मीटरला तेवढे ल्युमेन) प्रकाश पडणार. खोलीतल्या ट्यूबलाइटचा पडद्यावर पडणारा उजेड 50 लक्स धरा. पांढऱ्या पडद्यावर पांढरा भाग 110 अधिक 50, म्हणजे 160. काळा भाग 50. प्रमाण 3.2 ला 1, म्हणजे फिकट, धुतल्यासारखं चित्र. आता 0.7 गेनचा ग्रे लावा. पांढरा झाला 112, काळा झाला 35. भागून बघा. 3.2 ला 1.

तसूभरही फरक नाही. राखाडी रंगाला प्रोजेक्टरचा प्रकाश कोणता आणि ट्यूबचा कोणता हे कळायला मार्ग नाही, तो दोघांनाही सारखीच कात्री लावतो. चित्र तितकंच फिकट राहतं, वर अंधुक होतं. डोळ्यांवर गॉगल चढवून टीव्ही पाहण्यातला प्रकार. काळा काळा दिसतो खरा, पण हिरॉइनचा पांढरा ड्रेसही राखाडी दिसतो.

मग ग्रे पडदे बनवतातच कशाला? त्याला कारण आहे, पण ते नेमकं उलट्या खोलीसाठी आहे. खोली पूर्ण अंधारी, पण भिंती आणि पीओपी पांढरेशुभ्र, जसे आपल्या बहुतेक फ्लॅटमध्ये असतात. मग पडद्यावरून निघालेला प्रकाश छतावर आपटून पुन्हा पडद्यावर येतो आणि काळे भाग धुऊन काढतो. चित्राचा प्रकाश पडद्याला एकदाच लागतो, छतावरून परतलेला दोनदा. त्यामुळे 0.7 च्या ग्रेवर चित्र 70 टक्के उरतं, पण परतीचा प्रकाश 49 टक्के. एवढाच ग्रेचा फायदा, आणि तो घ्यायला प्रोजेक्टर दणकट हवा. आपला 300 ल्युमेनवाला पांढऱ्या 100 इंची पडद्यावर 35 निट्सपर्यंत जातो (निट म्हणजे पडद्यावरून डोळ्यांकडे येणाऱ्या उजेडाचं माप). थिएटरचा मापदंड 48 निट्सचा आहे. तिथून आणखी 30 टक्के कापायचे म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

एएलआर पडदा रंग बघत नाही, दिशा बघतो. त्याच्या पृष्ठभागाची घडणच अशी असते की प्रोजेक्टरच्या बाजूने आलेला प्रकाश प्रेक्षकाकडे जातो आणि इतर बाजूंनी आलेला एक तर शोषला जातो, नाही तर भलतीकडे परतवला जातो. समजा प्रोजेक्टरच्या प्रकाशासाठी गेन 0.8 आणि छताच्या दिव्यासाठी 0.2 आहे. वरच्याच खोलीत पांढरा 98 होईल आणि काळा 10. प्रमाण जवळपास 10 ला 1. याला म्हणतात उजेड कापणं.

माझ्या मावसभावाने गेल्या वर्षी असाच एक 'अँटी-लाइट एएलआर' पडदा मागवला. मॅचसाठी. हॉलमध्ये मावशी भाजी निवडत बसलेली, त्यामुळे ट्यूब बंद करायची सोय नाही. चित्र काही दिसेना. मला बोलावलं. मी पडद्याच्या मधोमध सेलोटेपने एक पांढरा ए-4 कागद चिकटवला. आधी प्रोजेक्टर बंद, ट्यूब चालू. कागदाशेजारी पडदा स्पष्ट काळपट. ठीक. मग मावशीला दोन मिनिटं उठवलं, ट्यूब बंद, खिडक्यांचे पडदे ओढलेले, प्रोजेक्टरवर नुसता पांढरा पट्टा. पडदा कागदापेक्षा तेवढाच काळपट! खरा एएलआर असता तर ट्यूबखाली कागदाच्या मानाने खूप काळा दिसला असता आणि प्रोजेक्टरखाली कागदाच्या जवळपास आला असता. दोन्हीकडे सारखाच, म्हणजे राखाडी रंगाचं कापड. मावशी म्हणाली, "एवढ्या पैशात दोन चांगल्या चादरी आल्या असत्या." मी काय बोलणार?

ही कागदाची चाचणी पडदा परत करायची मुदत संपायच्या आत करा.

याच गोंधळाचं एक भावंड म्हणजे चंदेरी पडदा. 'रुपेरी पडदा' हा शब्दच इतका गोड, की चंदेरी म्हणजे भारीच असं वाटतं. सुरुवातीच्या काळात थिएटरांचे पडदे खरोखरच धातूच्या रंगाने रंगवत, कारण तेव्हाचे प्रोजेक्टर मंद होते आणि मिळेल तो प्रकाश प्रेक्षकांकडे परत फेकायचा होता. आता पोलराइज्ड चष्म्याच्या थ्रीडीसाठी तो लागतो, धातूवरून परतताना प्रकाशाचं ध्रुवीकरण, म्हणजे त्याच्या लहरींची ठरावीक दिशा, टिकतं म्हणून. घरी स्वस्तातला चंदेरी पडदा लावलात तर मधोमध एक उजळ डाग आणि कडेला बसणाऱ्याला अंधुक चित्र. कडेची जागा बहुधा सासऱ्यांची असते, हे लक्षात असू द्या.

आणि ज्यांना खरोखरच एएलआर परवडतो, त्यांनीही प्रकार बघून घ्यावा. भिंतीला चिकटून ठेवायच्या अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टरचा एएलआर आणि छताला टांगायच्या प्रोजेक्टरचा एएलआर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिल्यावर आडवे बारीक दाते असतात. जिना डोळ्यांसमोर आणा, ज्याच्या उभ्या बाजू पांढऱ्या आणि पाय ठेवायच्या बाजू काळ्या. छतावरचा उजेड काळ्यावर पडून संपतो, खालून येणारा प्रोजेक्टरचा प्रकाश पांढऱ्यावर पडून समोर येतो. समोरून प्रकाश टाकणाऱ्या साध्या प्रोजेक्टरला तो लावला तर चित्र मंद पडतं. घाईत उलटा टांगलात तर आणखी मजा: प्रोजेक्टरचा प्रकाश गिळतो आणि ट्यूबलाइट छान दाखवतो. दुसरा प्रकार आरशासारखा, ज्या कोनात प्रकाश येईल त्याच कोनात पलीकडे पाठवणारा. त्याच्यापुढे अल्ट्रा शॉर्ट थ्रो ठेवला तर सिनेमा छतावर जातो.

आणि पडद्यासमोरची बाल्कनी? सोफ्यामागून, प्रोजेक्टरच्याच दिशेने येणारा उजेड कुठलाही एएलआर ओळखू शकत नाही. तिथे बाल्कनीच्या दाराला कापडी पडदाच लागतो.

म्हणून कोणी बजेट सांगून विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं. प्रोजेक्टर 300-400 एएनएसआय ल्युमेनचा असेल तर मॅट व्हाइट, तोही 100 ऐवजी 80 इंची. क्षेत्रफळ जवळपास दोन-तृतीयांश होतं, म्हणजे तोच प्रकाश दीडपट दाट. उरलेल्या पैशांत खिडक्यांना ब्लॅकआउट कापड, वरच्या फटीसकट, कारण उजेड नेहमी वरच्या फटीतूनच येतो. 0.9 च्या आतला ग्रे हजारभर खऱ्या ल्युमेनच्या खाली मी कोणाला घेऊ देत नाही. आणि दुपारची मॅच उजेडातच पाहायची असेल तर सरळ 43 इंची टीव्ही घ्या.

मावसभावाने शेवटी तो पडदा विकला. घेणाऱ्याने विचारलं, "ग्रे आहे ना? आमच्याकडे उजेड फार असतो."