सबम्यूकस फायब्रोसिस : नवी मुंबईतील निदान व उपचार

सबम्यूकस फायब्रोसिस : सुपारीच्या सेवनाने गालाच्या आतल्या अस्तराखाली तंतू साठून तोंड उघडणे कमी कमी होत जाणारा विकार. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये त्याला हे नाव दिले. याचे रूपांतर कर्करोगात होऊ शकते. केरळातील एर्नाकुलममधील रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवले असता ७.६ टक्के रुग्णांत तसे आढळले.

सुपारीतील अरेकोलीन या रसायनामुळे अस्तराखाली कोलॅजन (तंतूंचे प्रथिन) जास्त तयार होते आणि ते मोडण्याची क्रिया मंदावते. म्हणून ‘मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी चघळतो’ हा दिलासा फसवा आहे. राज्यात २०१२ मध्ये गुटखाबंदी झाली, तरी सुपारी आणि टपरीवर घोटून मिळणारा सुपारी-तंबाखू-चुन्याचा मावा सुटलेला नाही. तुर्भ्याचा बाजार, एमआयडीसीतली रात्रपाळी, ट्रकवरचा लांबचा प्रवास, अशा कामांत झोप उडवायला गालात सुपारी धरली जाते.

रुग्ण बहुधा दाढदुखीसाठी येतो. मिसळ झोंबते, गाल फुगवता येत नाहीत, शिट्टी वाजत नाही, हे विचारल्याशिवाय तो सांगत नाही. अस्तर फिकट, संगमरवरी दिसते; पडजीभ आक्रसलेली असते. पण खरी परीक्षा बोटाची. गालाच्या आतून बोट फिरवले की ताणलेल्या सुतळीसारखे उभे पट्टे लागतात. रुग्णाची स्वतःची तीन बोटे उभी तोंडात मावतात का, ही घरीही करता येणारी चाचणी. दवाखान्यात वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधले अंतर कॅलिपरने मोजतात. प्रौढांत ते साधारण ३५ ते ५० मिमी असते. हा आकडा प्रत्येक पेशंटच्या केसपेपरवर लिहिलाच पाहिजे, दात काढायला आलेल्याच्यासुद्धा. मागचे माप नसेल तर पुढच्या डॉक्टरला आजार वाढला की थांबला हे कळणार कसे? पांढरा-लाल चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली तर बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) लागते.

पहिला उपचार सुपारी बंद करणे. त्याने जळजळ कमी होऊ शकते, पण झालेले पट्टे विरघळत नाहीत. पट्ट्यांत स्टेरॉइड व हायल्युरोनिडेज या विकराची (एन्झाइमची) इंजेक्शने देतात, लायकोपिन या टोमॅटोतल्या लाल रंगद्रव्याच्या गोळ्याही देतात. व्यायाम मात्र रुग्णानेच करायचा: आइस्क्रीमच्या काड्यांची चळत दाढांमध्ये धरायची आणि जमेल तशी एकेक काडी वाढवायची. तोंड फारच कमी उघडत असेल तर पट्टे कापून तिथे गालातली चरबी किंवा त्वचा बसवतात. नंतर व्यायाम सोडला तर जागा पुन्हा आवळते. वीस मिमीच्या तोंडात मागच्या दाढेपर्यंत ड्रिल पोचवणे अवघड असते, त्यामुळे रूट कॅनालने वाचू शकणारी दाढही काढावी लागते.

नेरुळ, खारघर, बेलापूर व कामोठे येथील दंत महाविद्यालयांत हे निदान शिकवले जाते. कर्करोगाची शंका आल्यास खारघरलाच टाटा स्मारक केंद्राचे अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग उपचार व संशोधन केंद्र आहे. सुपारी सुटल्यानंतरही कर्करोगाचा धोका पुरता जात नाही, म्हणून तपासणी वर्षानुवर्षे चालू ठेवावी लागते.