स्थूलतेवरील आहारपूरक म्हणून समुद्री शैवालाचे अर्क

समुद्री शैवालांपासून वेगळे काढलेले तंतुमय पदार्थ, रंगद्रव्ये आणि पॉलिफिनॉल वजन उतरवण्याच्या हेतूने आहारात घेण्याची पद्धत. हे अर्क कॅप्सूल, पाण्यात कालवायची पूड, पाव किंवा जेली अशा रूपांत मिळतात. डबीवर नुसते ‘सी-वीड एक्स्ट्रॅक्ट’ छापलेले असले, तरी आतला पदार्थ कोणता यावर सगळे ठरते. अल्जिनेट पोटात घट्ट होऊन भूक लांबवते. फ्यूकोझँथिन हे रंगद्रव्य मेदपेशींच्या कामात बदल घडवते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. शैवालातले आयोडीन थायरॉईड ग्रंथीवर परिणाम करते. या तीन वाटा एकमेकींपासून अगदी वेगळ्या आहेत. तरीही एकीवर झालेली चाचणी दुसरीच्या जाहिरातीत सर्रास वापरली जाते, आणि या विषयातला बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पूर्वपीठिका

१८११ मध्ये फ्रान्समध्ये बर्नार कुर्त्वा शैवालाच्या राखेपासून सोरा बनवण्याच्या कामात होता. राखेच्या द्रावणात गंधकाम्ल जास्त पडले तेव्हा जांभळी वाफ उठली आणि थंड पृष्ठभागावर काळसर स्फटिक जमले. हेच आयोडीन. १८२० मध्ये जिनिव्हाच्या क्वाँदे या वैद्याने गलगंडावर आयोडीन देऊन पाहिले, आणि शैवालाची जुनी ख्याती रसायनशास्त्राशी जोडली गेली.

वजनाचा संबंध पुढे योगायोगानेच आला. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला डुशेन-डुपार्क हा फ्रेंच वैद्य जुनाट सोरायसिसवर फ्यूकस व्हेसिक्युलोसस हे तपकिरी शैवाल देत होता. त्वचेपेक्षा रुग्णांची चरबीच कमी होत असल्याचे त्याला वाटले आणि त्याने त्याचा स्थूलतेवरील उपाय म्हणून पुरस्कार केला. १८७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बफेलो शहरातून ‘ॲलन्स अँटी-फॅट’ नावाचे बाटलीबंद औषध याच शैवालाच्या जोरावर वर्तमानपत्री जाहिरातींतून खपू लागले. आयोडीनमुळे थायरॉईड जास्त काम करू लागली तर वजन घटते हे खरे, पण ते आजाराचे लक्षण असते. त्या घटीसोबत छातीत धडधड, हातांना कंप आणि स्नायूंची झीजही येते. आजही ‘केल्प’च्या (मोठ्या तपकिरी शैवालांच्या) गोळ्या ‘चयापचय वाढवणाऱ्या’ म्हणून विकल्या जातात, त्यामागे हीच दीडशे वर्षांपूर्वीची कल्पना आहे.

अल्जिनेट

शैवालाच्या अर्कांत वजनासाठी सर्वांत जास्त अभ्यास झालेला पदार्थ अल्जिनेट. एडवर्ड स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १८८० च्या सुमारास स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील लॅमिनेरिया जातीच्या शैवालातून तो प्रथम वेगळा केला. तपकिरी शैवालांच्या पेशीभित्तिकांत तो भरपूर असतो. वाळवलेले शैवाल आधी सौम्य आम्लात धुतात, मग गरम सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात विरघळवतात. चिकट रस गाळून घेतात आणि कॅल्शियम क्लोराईड किंवा आम्ल घालून अल्जिनेट साक्याच्या रूपात खाली बसवतात. वाळवून दळले की पांढरट-पिवळसर, जवळपास बेचव भुकटी मिळते. आइस्क्रीम, सॉस, मिठाया यांच्या पाकिटावर ‘आयएनएस ४०१’ लिहिलेले असते, ते हेच सोडियम अल्जिनेट. त्यात मात्र ते चिमूटभरच असते, वजनावर परिणाम होईल इतके नाही.

अल्जिनेट दोन शर्करा-आम्लांच्या लांब साखळ्यांनी बनलेले असते, मॅन्युरोनिक आणि ग्युल्युरोनिक. कॅल्शियम भेटले की ग्युल्युरोनिकचे पट्टे एकमेकांना घट्ट धरतात आणि जेल तयार होते. सोडियम अल्जिनेटचे द्रावण कॅल्शियमच्या पाण्यात थेंबाथेंबाने सोडले, तर प्रत्येक थेंबाभोवती क्षणात पातळ कातडी धरते आणि मोत्यासारखे गोळे तळाशी जमतात. जठरात तीव्र आम्लामुळेही ते घट्ट होते. माणूस ते पाण्यात घेऊन प्यायला, तर जठरात द्रवाऐवजी जेलीचा गोळा बनतो, जठराच्या भिंती ताणल्या जातात आणि मेंदूला पोट भरल्याची सूचना जाते. अन्न आतड्यात सावकाश उतरते, त्यामुळे साखरही रक्तात हळूहळू चढते. आपल्या पाचकरसांना अल्जिनेट पचत नाही. ते मोठ्या आतड्यापर्यंत पोचते आणि तिथले जीवाणू त्याचा थोडाफार भाग आंबवतात.

दुसरा परिणाम मेदाच्या पचनावरचा आहे. स्वादुपिंडातून येणारे लायपेज हे विकर (एन्झाइम) खाल्लेल्या तेला-तुपाचे तुकडे करते, आणि ते झाल्यावरच मेद शोषला जातो. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या गटाला प्रयोगशाळेत असे दिसले की ग्युल्युरोनिक जास्त असलेली अल्जिनेटे या विकराचे काम ७२ टक्क्यांपर्यंत रोखतात. हे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी, २०१० मध्येच, याच गटाच्या कामावरून ‘शैवाल घातलेला पाव चरबी पळवतो’ अशा बातम्या जगभर झळकल्या होत्या. ७२ हा आकडा परीक्षानळीतील विकराच्या मंदीचा आहे, माणसाच्या अंगातून बाहेर पडलेल्या चरबीचा नाही. ऑर्लिस्टॅट हे मान्यताप्राप्त औषध लायपेजच अडवते. ते दिवसातून तीनदा घेतल्यावर आहारातील सुमारे ३० टक्के मेद शोषला जात नाही, आणि वर्षभरात प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा) सरासरी तीनेक किलो वजन जास्त उतरते. शुद्ध औषधाची मजल एवढी असेल, तर पावातल्या अल्जिनेटकडून किती अपेक्षा धरायची हे ठरवणे अवघड नाही.

माणसांवरच्या चाचण्यांचे चित्र संमिश्र आहे. २०१० मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिक या रुग्णालयाने ४८ स्थूल व जादा वजनाच्या व्यक्तींना दहा दिवस अल्जिनेटच्या कॅप्सूल दिल्या. पोट भरण्याची भावना, जठर रिकामे होण्याचा वेग, खाल्लेले उष्मांक या कशातच फरक आढळला नाही. कोपनहेगनची २०१२ ची चाचणी जास्त नीट बांधलेली होती. कमी उष्मांकांचा आहार घेणाऱ्या ९६ स्थूल व्यक्तींपैकी काहींना बारा आठवडे जेवणाआधी अल्जिनेटचे पेय दिले गेले. प्रमाण दर खेपेला १५ ग्रॅम, दिवसातून तीनदा. ८० जणांनी चाचणी पूर्ण केली. त्यांत अल्जिनेट घेणाऱ्यांचे वजन सरासरी ६.८ किलो उतरले, तर साधे पेय घेणाऱ्यांचे ५.० किलो. मध्येच सोडून गेलेल्यांना धरून हिशेब मांडला, तेव्हा मात्र हा फरक टिकला नाही.

एका खेपेचे १५ ग्रॅम म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या तीस कॅप्सूल, आणि त्याही रोज तीनदा. दुकानातल्या डबीवर दिवसाला एक किंवा दोन घ्यायला सांगितलेले असते. चाचणीत वापरलेले प्रमाण आणि डबीतले प्रमाण यांतली ही तफावत ग्राहकाला कोणी सांगत नाही, आणि या नोंदीतून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती हीच. शिवाय कॅप्सूलमधली कोरडी भुकटी आणि आधीच पाण्यात पूर्ण विरघळवलेले अल्जिनेट यांचे जेल सारखे बनत नाही. पेयाची गुळगुळीत चव आणि पोट फुगणे यांमुळे अनेकांना ते फार दिवस चालवणेही जमत नाही.

पावाचा प्रयोग इंग्लंडमधील शेफील्डमध्ये झाला. बारा जादा वजनाच्या पुरुषांना ॲस्कोफिलम नोडोसम या शैवालाची पूड मिसळलेला पाव न्याहारीला दिला. चार तासांनी वाढलेल्या जेवणात त्यांनी सुमारे १६ टक्के कमी उष्मांक खाल्ले. ही माहिती एका दिवसाची आणि बारा जणांची आहे. त्यावरून महिन्याभराच्या वजनाचे भाकीत करता येत नाही.

चायना ग्रास

आपल्याकडच्या स्वयंपाकघरात शैवालाचा एक अर्क पूर्वीपासून आहे, तो म्हणजे चायना ग्रास किंवा अगर. तो लाल शैवालांपासून काढतात. पांढऱ्या पट्ट्या पाण्यात भिजवून उकळल्या की विरघळतात आणि दूध-साखर घालून थंड केल्या की वडी धरते. हे जेल साधारण ३५ ते ४० अंशांच्या आसपास जमते, पण पुन्हा वितळायला ८५ अंशांच्या पुढे जावे लागते. म्हणून पोटाच्या उष्णतेने ते वितळत नाही. जपानमध्ये २००५ मध्ये मधुमेही व ग्लुकोज-असहिष्णू अशा ७६ स्थूल रुग्णांवर बारा आठवड्यांची चाचणी झाली. रात्रीच्या जेवणाआधी अगरची जेली खाणाऱ्यांचे वजन पारंपरिक आहार घेणाऱ्यांपेक्षा जास्त उतरले. घरगुती वापरात अडचण एवढीच की आपण चायना ग्रास बासुंदीइतक्या गोड दुधात घालतो. बिनसाखरेची, फळांचे तुकडे घातलेली जेली जेवणाआधी खाणे हा शैवालाच्या तंतूंचा सर्वांत स्वस्त आणि निर्धोक वापर ठरेल.

फ्यूकोझँथिन

तपकिरी शैवालांना त्यांचा रंग देणारे हे कॅरोटिनॉइड वाकामे या जपानी खाद्यशैवालात असते. २००५ मध्ये होक्काइदो विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवले की फ्यूकोझँथिन दिल्यावर पोटाभोवतीची पांढरी चरबी घटते. तिथल्या पेशींत यूसीपी-१ हे प्रथिन आढळले. एरवी ते तपकिरी चरबीत असते आणि ऊर्जा साठवण्याऐवजी उष्णतेच्या रूपात उधळते. कल्पना आकर्षक होती आणि त्यावर पूरकांची रांग लागली.

पुढे माणसांच्या रक्तात हे द्रव्य किती पोचते ते तपासले, तेव्हा प्रमाण अत्यल्प निघाले. उंदरांत तपकिरी चरबीचा वाटा मोठा, प्रौढ माणसात तो फारच थोडा. डाळिंबाच्या बियांच्या तेलासोबत फ्यूकोझँथिन दिलेल्या एका चाचणीत स्थूल स्त्रियांचे वजन चांगले उतरल्याचे २०१० मध्ये छापून आले, आणि आजही बहुतेक जाहिराती त्याच निबंधाचा आधार देतात. मिश्रणातल्या कोणत्या घटकाने काय केले हे त्यातून वेगळे काढता येत नाही. एवढ्यावर वर्षभराचा खर्च करावा असे म्हणता येत नाही.

तपकिरी शैवालांतील फ्लोरोटॅनिन ही पॉलिफिनॉले पिष्ट पचवणाऱ्या विकरांना मंद करतात. जेवणानंतरची साखर आणि इन्सुलिन यांवर त्यांचा थोडा परिणाम दिसतो. त्याने वजन घटते असे ठामपणे दाखवणारी मोठी चाचणी नाही.

जपानचे उदाहरण

‘जपानी लोक शैवाल खातात, म्हणून सडपातळ असतात’ हा युक्तिवाद फार ऐकू येतो. जपानमध्ये तीसच्या पुढे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) असलेल्यांचे, म्हणजे स्थूल व्यक्तींचे, प्रमाण चार-पाच टक्क्यांच्याच घरात आहे हे खरे. पण तिथे मासे, सोयाबीन, लहान वाट्या, शाळेतले पोषक जेवण, चालत-रेल्वेने होणारा प्रवास हे सगळे एकत्र आहे. त्यातून शैवाल तेवढे उचलून कॅप्सूलमध्ये भरता येत नाही. आणखी एक गोष्ट २०१० मध्ये उजेडात आली. जपानी लोकांच्या आतड्यातील काही जीवाणूंकडे नोरी शैवालातील पॉर्फिरान हा तंतुमय पदार्थ फोडणारी जनुके सापडली. ती समुद्री जीवाणूंकडून, बहुधा पिढ्यानपिढ्या खाल्लेल्या शैवालामार्फत आली असावीत. उत्तर अमेरिकी नमुन्यांत ती आढळली नाहीत. एकच अर्क दोन माणसांच्या पोटात सारखाच वागेल असे गृहीत धरता येत नाही, ते यामुळेच.

धोके

प्रौढ व्यक्तीला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. वरची सुरक्षित मर्यादा युरोपात ६०० आणि अमेरिकेत ११०० मायक्रोग्रॅम मानली जाते. शैवालांतले प्रमाण जातीनुसार प्रचंड बदलते. नोरीच्या एका ग्रॅममध्ये सुमारे १६ मायक्रोग्रॅम, तर केल्पच्या काही उत्पादनांच्या एका ग्रॅममध्ये आठ हजारांहून अधिक मायक्रोग्रॅम सापडले आहे. भारतात मीठ आयोडीनयुक्त असल्याने गरजेपुरते आयोडीन बहुतेकांना मिळतेच. त्यावर केल्पची गोळी घेतली, तर थायरॉईड एक तर उसळू शकते किंवा मंदावू शकते. मंदावली तर वजन उलट वाढते. थायरॉईडची गोळी रोज घेणाऱ्या, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी केल्पपासून दूरच राहावे. वजन वाढते म्हणून हा उपाय शोधणाऱ्यांत थायरॉईडचेच रुग्ण पुष्कळ असतात, म्हणून हे ठासून सांगायला हवे.

शैवाले समुद्रातले जड धातूही शोषतात. हिजिकी या जातीत असेंद्रिय आर्सेनिक जास्त असल्याने ब्रिटनच्या अन्न यंत्रणेने ती खाऊ नये असा सल्ला २००४ मध्ये दिला. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी फ्यूकॉइडान (तपकिरी शैवालांतली एक बहुशर्करा) असलेले अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. जेल बनवणाऱ्या पुडीसोबत पुरेसे पाणी प्यावे आणि इतर औषधे तिच्याबरोबर एकाच वेळी घेऊ नयेत, कारण त्यांचे शोषण मंदावू शकते.

भारतातील स्थिती

भारतात शैवाल गोळा करण्याचे मुख्य केंद्र तमिळनाडूतील मन्नारचे आखात आहे. रामनाथपुरम जिल्ह्यात पांबनच्या परिसरातील स्त्रिया बुड्या मारून गेलिडिएला आणि सारगॅसम ही शैवाले खरवडून आणतात. पहिल्यापासून अगर आणि दुसऱ्यापासून अल्जिनेट बनते. कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने ‘कडलमीन’ या नावाने शैवालजन्य पूरके विकसित केली. त्यांतले एक रक्तातील वाढलेले मेद व स्थूलता यांसाठी आहे.

कोकण आणि गोव्याच्या खडकांवरही सारगॅसम, उल्व्हा आणि पावसाळ्यात पॉर्फिरा वाढते. मालवण आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पाणी ओसरले की ही शैवाले सहज दिसतात. पण आपल्या किनारी स्वयंपाकात मासे, तिसऱ्या, कालवे येतात, शैवाल येत नाही. त्यामुळे मराठी वाचकापर्यंत हा विषय थेट कॅप्सूलच्या रूपातच पोचतो.

भारतात अशी उत्पादने अन्न सुरक्षा यंत्रणेच्या न्यूट्रास्युटिकल (आहारपूरक) नियमांखाली येतात आणि त्यांच्या वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे इंग्रजीत छापावे लागते. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याच्या अनुसूचीत स्थूलतेचा समावेश असल्याने ‘लठ्ठपणा बरा करणारे औषध’ अशी जाहिरात करणे बेकायदा आहे. डबी विकत घेण्याआधी तिच्यावर शैवालाची जात, अर्कातील मुख्य घटकाचे मिलिग्रॅममधील प्रमाण आणि आयोडीनचा आकडा ही तिन्ही माहिती आहे का ते पाहावे. नसेल तर ती घेऊ नये.