वॉर्म-अप: अंग तापवणे की ताणणे?

‘अंग मोकळं करणे’ हा रोजच्या वापरातला शब्दप्रयोग, पण त्याच्या पोटात दोन निरनिराळ्या क्रिया आहेत: अंगात ऊब आणणे आणि अंग ताणणे. वॉर्म-अपविषयीचा बराचसा घोळ या सरमिसळीतूनच झाला आहे.

स्नायू तापले की कामगिरी सुधारते, हे १९४५च्या सुमारासच प्रयोगांनी दाखवून दिलं होतं. १९६०च्या दशकात मात्र भर ताणण्याकडे सरकला. व्यायामानंतरची ठणक स्नायूंच्या आखडण्यामुळे येते आणि संथ ताण दिल्याने ती उतरते, असा तर्क तेव्हा मांडला गेला. तर्क पुढे टिकला नाही, सवय टिकली. जॉगिंगची लाट आली तोवर टाच कठड्यावर ठेवून, श्वास रोखून, थंडगार मांडी ताणत उभं राहणं म्हणजेच वॉर्म-अप असं समीकरण होऊन बसलं होतं.

त्याला मोठा धक्का २००० साली बसला. ऑस्ट्रेलियात लष्करी प्रशिक्षण घेणाऱ्या १,५३८ जवानांवर १२ आठवडे चाचणी झाली. एका गटाने पायांच्या सहा स्नायूगटांना प्रत्येकी २० सेकंद ताण दिला, दुसऱ्याने दिला नाही. दुखापतींत लक्षणीय फरक पडला नाही. ‘वॉर्म-अप निरुपयोगी’ असा या चाचणीचा अर्थ आजही लावला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. वॉर्म-अप दोन्ही गटांनी केला होता! तपासलं गेलं ते फक्त ताणणं.

पाठोपाठ बराच वेळ धरून ठेवलेल्या ताणाने स्नायूंची ताकद तात्पुरती घटते, असे निष्कर्ष येत गेले आणि व्यायामाआधीचं स्ट्रेचिंग सरसकट बाद ठरवलं गेलं. हा निर्णय घाईचा होता. घट ठळक दिसते ती एकच स्नायू मिनिटभर किंवा त्याहून जास्त ताणल्यावर. अर्ध्या मिनिटापर्यंतच्या ताणाचा परिणाम नगण्य. जिम्नॅस्ट किंवा नर्तक यांना तर सांध्यांची पूर्ण कक्षा आधीच मोकळी लागते.

२००८मध्ये नॉर्वेतल्या १३ ते १७ वयाच्या मुलींच्या फुटबॉलमधील चाचणीने चर्चा योग्य जागी आणली. हलकं धावणं, ताकद, तोल, उडी मारून गुडघा आत न वळू देता उतरणं, असा सुमारे २० मिनिटांचा क्रम होता. तो करणाऱ्यांत गंभीर दुखापती कमी झाल्या.

ऊब टिकते किती, हा प्रश्न मात्र मागे पडला होता. फुटबॉलच्या मध्यंतरात नुसतं बसून राहिल्यास मांडीच्या स्नायूंचं तापमान साधारण २ अंशांनी उतरतं आणि उत्तरार्धाच्या सुरुवातीला वेग मंदावतो, असं २००४च्या एका अभ्यासात दिसलं. ज्यांनी मध्यंतरात थोडा वेळ मध्यम गतीने धावून घेतलं, त्यांचा वेग कायम राहिला.